जुनं कोणाचं, सोनं कोणाचं?

'जुनं ते सोनं' ही म्हण कोणी काढली मला माहीत नाही. पण काढणाऱ्याच्या घरात सोनं होतं, एवढं नक्की. ज्याच्या घरात जुनं म्हणजे दुसऱ्यानं अंगावरून उतरवून दिलेलं, त्याला ही म्हण सुचली नसती.

आज हे लिहायला बसलो त्याला कारण एक लग्न. मागच्या उन्हाळ्यात पातूरला आपल्याच एका कार्यकर्त्याचं लग्न झालं. नाव सांगत नाही. तो माझा दोस्त आहे आणि हे वाचूनही दोस्तच राहील. पोरगा मोर्चात पुढं, जयंतीच्या वर्गणीत पुढं, भाषणात तर सगळ्यांच्या पुढं. मी मंडपात पाय टाकला आणि उभाच राहिलो. नवरदेवाच्या डोक्यावर भाड्याची पगडी. अंगात भाड्याचा अंगरखा. कमरेला खोट्या म्यानातली तलवार. नवरीला नऊवारी, नाकात नथ, कपाळावर चंद्रकोर. मागं पुठ्ठ्याचा शनिवारवाडा. आणि त्या वाड्याच्या दरवाज्यात टेबल टाकून त्यावर बुद्धाची मूर्ती आणि बाबासाहेबांचा फोटो. भन्तेजी त्रिसरण देत होते, पगडी हात जोडून ऐकत होती. फोटोवाला सगळ्यांना सांगत होता, "पेशवाई थीम आहे, बाजूला सरका."

आम्ही बाजूला सरकलो. पेशवाईत आम्हाला बाजूलाच सरकायचं असतं.

जेवताना मी दोस्ताला धरलं. म्हटलं, "काऊन गा, हे काय?" तो हसला. "अबे, लूक होय फक्त. जुन्या जमान्याचा लूक. आजकाल सगळेच करतात." मग जरा विचार करून म्हणाला, "आन् पाह्य ना, पेशव्याच्या गादीवर आपण बसून रायलो. हा बी बदलाच होय."

हे त्याचं बोलणं मी तीन महिने डोक्यात घेऊन फिरतो आहे. जिनिंगात रेच्यावर उभा असतो, नाकातोंडात कापसाचा फुफाटा जातो आणि डोक्यात हेच घोळतं. आज त्याला उत्तर देतो. त्याला एकट्याला नाही. तुम्हालाही, आणि थोडं मलाही.

सगळेच करतात, हे खरं आहे. शहरात जुन्याची लाट आली आहे. तिला 'व्हिंटेज' म्हणतात. ज्या जात्यावर आपल्या आज्यांचे खांदे गेले ते जातं आता बैठकीत ठेवतात आणि वर काच टाकून त्याचं टेबल करतात. कंदिलात बल्ब लावतात. पितळेचा बंब कोपऱ्यात उभा करून त्यात मनीप्लांट लावतात. हॉटेलाला 'वाडा' नाव देतात आणि भाकरीला दुप्पट पैसे घेतात. पाडलेल्या वाड्याचे दरवाजे विकत घेऊन फ्लॅटला बसवतात. मोबाइलवर उतरलेले कपडे 'थ्रिफ्ट' म्हणून विकले जातात, आणि गुडघ्यावर मुद्दाम फाडलेली पँट धडक्या पँटीपेक्षा महाग मिळते. आमच्या वस्तीत फाटकी पँट घालून पोरगं शाळेत गेलं तर मास्तर त्याला मागं बसवायचा. फाटकं तेच. घालणारा बदलला की किंमत बदलते.

आता कोणी म्हणेल, हा गिरणीतला माणूस, याला जुन्याची आवड काय कळणार. तर ऐका. मला जुन्याची आवड आहे. लहानपणापासून आहे. माझ्या पेटीत किल्लीचं बंद पडलेलं घड्याळ आहे. जयंतीच्या मिरवणुकीचे बिल्ले आहेत. जलशाच्या गाण्यांची चोपडी आहे, तिचे पहिले चार कागद गेले आहेत. आणि आबाजीचा, म्हणजे माझ्या आजोबाचा, काळा लोकरी कोट आहे. थंडीत मी तो घालून अकोल्याला जातो. कॉलर झिजली आहे, अस्तर दोनदा बदललं आहे. लोक वळून पाहतात. मला बरं वाटतं. म्हणून जुनं घालणाऱ्याशी माझं भांडण नाही. जुनं जमवणाऱ्याशीही नाही. माझा सवाल एकच आहे. कोणाचं जुनं?

जुन्या कपड्याचा आणि आपला संबंध काय होता तो आधी बघा. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात तो लिहूनच ठेवला आहे. चांडाळानं मेलेल्याचं वस्त्र नेसावं, फुटक्या भांड्यात खावं, लोखंडाचे दागिने घालावेत. त्याच अध्यायात पुढं शूद्र चाकराला काय द्यावं त्याची यादी आहे. उष्टं अन्न, जीर्ण कपडे, फोलकट धान्य आणि घरातलं जुनं सामान. पुन्हा वाचा. जीर्ण कपडे आणि जुनं सामान! आज जे 'व्हिंटेज' म्हणून दुकानात मांडलं जातं, ते शास्त्रानं आपल्याला कधीचंच लावून दिलं होतं. फरक एवढाच की आपल्याला नाही म्हणायची सोय नव्हती.

आणि हे फक्त पोथीत नव्हतं. गावोगाव महाराचा मढ्यावरच्या कापडावर 'हक्क' होता. हक्क! प्रेतावरचं कापड मिळणं याला या देशात हक्क म्हणत. बाबासाहेबांनी १९३६ साली 'जातिनिर्मूलन' लिहिलं. त्यात पेशव्यांच्या राजधानीत अस्पृश्याच्या कमरेला झाडू आणि गळ्यात मडकं कसं असे ते सांगितलं आहे. झाडू पाऊल पुसायला, मडकं थुंकी झेलायला. मित्रा, हा खरा पेशवाई पोशाख. तुझ्या पणजोबाच्या पणजोबाला त्या थीममध्ये हाच लूक मिळाला असता. तो भाड्यानं देणारा कोणी नाही, कारण तो फुकट होता आणि जन्मभराचा होता.

त्याच पुस्तकात बाबासाहेबांनी इंदूरकडच्या बलाई लोकांची हकीकत दिली आहे. १९२८ च्या जानेवारीत ती वर्तमानपत्रात आली होती. सवर्णांनी पंधराहून जास्त गावांतल्या बलायांना नियम घालून दिले. जरीकाठी पागोटं बांधायचं नाही. रंगीत काठाचं धोतर नेसायचं नाही. बायकांनी सोन्याचांदीचे दागिने घालायचे नाहीत, नक्षीची पोलकी घालायची नाहीत. बलायांनी ऐकलं नाही तेव्हा त्यांचं पाणी तोडलं, जनावरं चारायची वाट तोडली. बघा, माणसाला गावातून उठवायला धोतराचा काठ पुरतो!

फलटणच्या बेबी कांबळे यांनी 'जिणं आमुचं'मध्ये लिहिलं आहे की महाराच्या बाईनं लुगडं नेसताना काठ दिसू द्यायचा नाही, तो निऱ्यांत दडवायचा. काठ मिरवणं हा वरच्यांचा मान. म्हणजे नऊवारी ही एक नव्हतीच. पदर कसा, काठ कुठं, लुगडं गुडघ्याच्या वर की पायघोळ, यावरून बाई कोणाची ते लांबून कळायचं. आज ज्या नऊवारीला 'आपली परंपरा' म्हणतात ती नेमकी कोणाच्या नेसणीची परंपरा, हे नेसणाऱ्या बहिणींनी एकदा विचारावं. नेसू नका म्हणत नाही. विचारा म्हणतो.

हे बाबासाहेबांना पक्कं कळलं होतं. १९२७ साल घ्या. नोव्हेंबरात ते आपल्या वऱ्हाडात, अमरावतीला परिषदेचे अध्यक्ष होते. अंबादेवीच्या मंदिराचा प्रश्न होता. डिसेंबरात महाड. २५ तारखेला मनुस्मृती जाळली. ज्या पुस्तकात आपल्याला जुने कपडे लिहून दिले होते तेच पुस्तक! आणि त्याच परिषदेत त्यांनी बायकांना वेगळं बसवून सांगितलं की गुडघ्यावरचं लुगडं सोडा, वरच्या जातीच्या बाया नेसतात तसं पायघोळ नेसा. कथलाचे, चांदीचे ढीगभर दागिने टाका. लुगडं फाटकं असलं तरी चालेल, पण स्वच्छ ठेवा. तुमच्याकडं पाहून कोणाला तुमची जात ओळखता येऊ नये.

पुरुषांना आग लावायला सांगितली आणि बायकांना लुगडं बदलायला सांगितलं, असं काही लोक हसून सांगतात. हसू नका. कागद जाळायला काडी पुरते. कागदावरचं अंगावर गोंदलं गेलेलं असतं, ते काढायला जास्त हिंमत लागते. त्या बायांनी गावात परत जाऊन पायघोळ लुगडं नेसलं असेल तेव्हा चावडीवरची किती डोळे फाडून बघणारी माणसं त्यांच्यासमोर असतील! आणि पंधरा वर्षांनी, १९४२ च्या जुलैमध्ये, नागपूरला अस्पृश्य महिलांची अखिल भारतीय परिषद भरली. अध्यक्ष होत्या अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे. हा आपल्या वऱ्हाडाचा जुना काळ. याची 'थीम' कोणी का करत नाही?

आता कोणी म्हणेल, हे सगळं गेलं, आज कोण अडवतो? तर कायदा वाचा. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदा १९८९ चा. त्यात २०१५ साली दुरुस्ती झाली, २०१६ च्या २६ जानेवारीपासून ती लागू आहे. गुन्ह्यांच्या यादीत काय टाकावं लागलं? मिशा काढायला लावणं. सार्वजनिक जागी सायकल किंवा मोटारसायकल चालवायला, चपला घालायला, नवे कपडे घालायला अडवणं. लग्नाची वरात, नवरदेवाचं घोड्यावर बसणं अडवणं. 'नवे कपडे' हे शब्द एकविसाव्या शतकात या देशाच्या संसदेला कायद्यात लिहावे लागले. मनूनं जुने कपडे लिहिले, संसदेला नव्या कपड्यांचं संरक्षण लिहावं लागलं. मधली दोन हजार वर्षं कुठं गेली?

म्हणून मी म्हणतो, जुनं घालणं हा छंद तेव्हाच होतो जेव्हा नवं घालायला कोणी अडवत नाही.

इथं एक जण मला अडवेल आणि तो आपलाच असेल. तो म्हणेल, बुद्धाच्या भिक्षूंनीही टाकलेलंच कापड नेसलं ना? बरोबर. पातूरच्या डोंगरात लेणी आहेत. आम्ही पोरं त्यांना विहार म्हणतो आणि सुट्टीच्या दिवशी तिथं जाऊन बसतो. त्या दगडी खोल्यांत बसलो की मलाही चीवर आठवतं. उकिरड्यावरच्या, स्मशानातल्या चिंध्या उचलायच्या, धुवायच्या, शिवायच्या. त्याला पांसुकूल म्हणत. पण ती चिंधी उचलणाऱ्यात राजवाडा सोडून आलेला माणूस होता, शेटजीचा पोरगा होता, आणि त्यांच्याच ओळीत भंगी सुनीत आणि न्हावी उपाली होता. सगळ्यांना एकच चिंधी. ती आपखुशीनं घेतलेली होती, आणि जीवक वैद्यानं विनंती केली तेव्हा बुद्धानं गृहस्थांनी दिलेलं चांगलं वस्त्र घ्यायलाही परवानगी दिली. ज्याला पटेल त्यानं पांसुकूल वापरावं, ज्याला पटेल त्यानं दिलेलं घ्यावं. मढ्यावरचं कापड दोन्हीकडं तेच. एका बाजूला निवड आहे, दुसऱ्या बाजूला सक्ती. माणूसपण या दोहोंच्या मधल्या जागेत असतं.

आणि म्हणून कोट.

गांधींनी १९२१ च्या सप्टेंबरात मदुरेला अंगावरचे कपडे उतरवून पंचा घेतला. देशानं त्याला त्याग म्हटलं. असेल. पण उतरवायला आधी अंगावर असावं लागतं. ज्याला पंचाच नेमून दिलेला आहे त्यानं काय उतरवावं? बाबासाहेबांनी चढवलं. कोट, टाय, पायात बूट, हातात पुस्तक. लोक म्हणतात, साहेबी नक्कल. नक्कल कशी? १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला दीक्षा घेताना त्याच माणसानं पांढरं रेशमी धोतर आणि पांढरा कोट घातला होता. काय घालायचं हे त्यांनी स्वतः ठरवलं. इंग्रजानं नाही, मनूनं नाही, गांधीनं नाही. आज गावोगावच्या चौकात निळ्या कोटातला पुतळा उभा आहे तो याच ठरवण्याचा पुतळा आहे. म्हणून तर त्याच्यावर दगड पडतात.

हे आपल्याकडंच झालं असं नाही. अमेरिकेत साउथ कॅरोलायनाच्या १७४० च्या कायद्यात गुलामांनी कोणतं जाडंभरडं कापड घालायचं त्याची यादी होती. १९४३ च्या जूनमध्ये लॉस एंजेलिसमध्ये ढगळ्या लांब कोटातली मेक्सिकन पोरं रस्त्यात दिसली की गोरे खलाशी त्यांना मारत आणि अंगावरचे कोट फाडून काढत. पोलिसांनी पकडलं ते मार खाणाऱ्या पोरांनाच! १९६६ साली ओकलंडला ब्लॅक पँथर निघाली, तिच्या पोरांनी काळं चामडी जाकीट आणि काळी टोपी हाच गणवेश केला. त्यांच्यावरून १९७२ साली मुंबईत आपल्या पोरांनी दलित पँथर हे नाव घेतलं. आपल्याकडं त्रावणकोरात नाडार बायांना अंग झाकायचा हक्क मिळवायला कित्येक वर्षं मार खावा लागला, तेव्हा कुठं १८५९ साली राजानं जाहीरनामा काढला. जिथं माणसाला माणूस मानायचं नसतं तिथं आधी त्याच्या कपड्यावर हात पडतो. मग आपण कपड्याला 'फक्त लूक' कसं म्हणतो?

आता त्या दोस्ताच्या गोष्टीवर येतो. तो म्हणतो, पेशव्याच्या गादीवर बसलो. मी म्हणतो, गादीवर बसलास, पण गादी कोणाची ते तूच पुन्हा सांगितलंस. पगडी भाड्याची होती ती रात्री परत गेली. तुझ्याकडं काय राहिलं? फोटो. तुझी पोरगी मोठी झाल्यावर तो फोटो पाहील आणि विचारील की आपण पेशवे होतो का. काय सांगशील? पगडी या कापडाशी माझं वैर नाही. जोतीरावांनीही पागोटं बांधलं. त्या पागोट्याला माझा जयभीम. भांडण कापडाशी नसून, ते कोणाच्या आठवणीनं डोक्यावर चढवतो त्याच्याशी आहे.

पण खरं सांगू? तू पेशव्याचा अंगरखा भाड्यानं आणलास त्यात सगळा दोष तुझा नाही. लग्नात घालावं असं आपलं जुनं घरात शिल्लक ठेवलं कोणी? आपण ठेवलं नाही. ही कबुली द्यायलाच मी बसलो आहे.

दोन वर्षांमागची गोष्ट. रविवारी अकोल्याहून पातूरला घरी आलो. ओट्यावर भांडेवाली बसलेली. माय घासाघीस करत होती. बाजूला कपड्यांचा ढीग, त्यात सगळ्यात वर आबाजीचा कोट. त्याच्या बदल्यात स्टीलचा एक गंज ठरत होता. मी कोट उचलला. भांडेवाली बिचारी गप्प राहिली, तिचंही पोट त्यावरच. माय मात्र भडकली.

"कायले रे त्या कोटाले चिटकून रायला? थो घालून कोनी भाकर देते का?"

मी म्हटलं, "आबाजीचा होय माय."

"आबाजी गेला. कोटाले कसर लागली. मले गंज पायजे." आणि मग ती जे बोलली ते मी विसरणार नाही. "तुले जुन्याचा लय सोस हाये. तुले जुनं म्हंजे गंमत वाट्टे. आमी जनमभर जुनंच नेसलो. लोकायचं. मालकिनीनं उतरवलेलं. एक नवं लुगडं अंगाले लागाले किती वर्सं लागले ते तुले काय मालूम! आता माह्या घरात मले जुनं नोको."

माझ्याकडं उत्तर नव्हतं. शहरातल्या व्हिंटेजवाल्याला मी शंभर उत्तरं देईन. मायच्या पुढं तोंड उघडलं नाही. कारण ती खरं बोलत होती. तिच्यासाठी जुनं म्हणजे उष्टं. चकचकीत स्टीलचा गंज म्हणजे कोणाच्याही हाताखालून न गेलेली, पहिल्यांदा तिचीच असलेली वस्तू. आपल्या वस्त्यांत जुनं कोणी का ठेवत नाही, याचं कारण अडाणीपणा नव्हे. ज्यांना जुनंच मिळालं त्यांनी पहिल्या संधीला जुनं फेकलं. यात स्वाभिमान आहे. तो समजून न घेता 'आपल्या लोकांना इतिहासाची किंमत नाही' असं व्यासपीठावरून बोलणाऱ्याला माझा निषेध आहे.

मी गंजाचे पैसे भांडेवालीला दिले. गंज मायला मिळाला, कोट माझ्याकडं राहिला. रात्री मायच्या बाजूला बसलो आणि मला सुचलं तसं बोललो. म्हटलं, "माय, हे लोकायचं जुनं नोहे वो. आबाजीनं गिरणीच्या बोनसमधून कापड घेऊन शिवला. कोनाच्या अंगावरचा उतरवलेला नोहे. हे आपलं नवं होय. जुनं झालं, एवढंच."

ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "बटनं कायी आपल्या दुकानातली हायेत. थो बुढा बटनं घ्याले दोन दुकानं फिरला होता." आणि मग आबाजीनं हा कोट पहिल्यांदा जयंतीला घातला तेव्हा गावातला कोण माणूस काय बोलला, आणि आबाजीनं बटणं लावूनच त्याला कसं उत्तर दिलं, ते सगळं सांगत बसली. मी पंचवीस वर्षांत हे ऐकलं नव्हतं. तिच्या आतमध्ये ते पडून होतं. कोट ओट्यावरून गेला असता तर ते बाहेर आलंच नसतं.

मित्रांनो, मला सांगायचं ते एवढंच आहे. जुन्याचे दोन प्रकार आहेत. एक लोकांचं जुनं, जे आपल्या अंगावर टाकलं गेलं. दुसरं आपलं नवं, जे आपण लढून, पोट मारून मिळवलं आणि आता जुनं झालं. पहिल्याची थीम करून नाचायचं नाही. दुसरं भंगारात जाऊ द्यायचं नाही.

पुण्यात राजा केळकर संग्रहालय आहे. दिनकर केळकर यांनी आयुष्य घालवून अडकित्ते, दिवे, दौती, दरवाजे जमवले, मस्तानी महाल आणून उभा केला. मी त्या माणसाला हसणार नाही. रोजच्या वापरातली वस्तूसुद्धा इतिहास असते हे त्यांनी दाखवलं. पण आपली वस्तू जपायला केळकर येणार नाहीत. येसकराची घुंगरांची काठी कोणी जपायची? चवदार तळ्यावर जाऊन आलेल्या माणसाचं पागोटं कोणी जपायचं? आपणच.

आणि जपणारे आपल्यात झाले आहेत. १९५६ चा दीक्षा समारंभ उभा करण्यात राबलेले वामनराव गोडबोले यांनी बाबासाहेबांच्या वापरातले कपडे, टाइपरायटर आणि कितीतरी वस्तू मिळवल्या. त्या नागपूरजवळ चिचोलीच्या शांतिवनात आहेत. माईसाहेबांनी दिलेल्या वस्तूंचं संग्रहालय पुण्यात सिम्बायोसिसनं १९९६ साली उघडलं. वसंत मून यांनी पेट्यांतले कागद उपसले, म्हणून १९७९ पासून बाबासाहेबांचं लेखन खंडाखंडानं आपल्या हातात आलं. १९८७ साली त्यातलाच 'रिडल्स'चा खंड निघाला तेव्हा सगळा महाराष्ट्र पेटला. तीस वर्षं पेटीत पडलेला कागद! जुना कागद म्हणजे रद्दी नसते हे आपल्या विरोधकांना आपल्याआधी कळलं.

तर भाषण पुरे. कामाचं सांगतो.

प्रत्येकानं या महिन्यात घरातली पेटी उघडावी. आजोबाचा कोट, आजीचं दीक्षेचं पांढरं लुगडं, समता सैनिक दलाची टोपी, जलशाची डफली, पहिल्या पगारातलं घड्याळ, जे असेल ते बाहेर काढावं. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला बाजूला बसवून विचारावं की कोणी घेतलं, कुठं शिवलं, पहिल्यांदा कधी घातलं, कोण काय बोललं. ते लिहून काढावं. वस्तूपेक्षा ते लिहिणं मोठं आहे.

लोकरी कोट प्लास्टिकच्या पिशवीत कोंबू नका, आत दमट धरतो. धुतलेल्या सुती कापडात गुंडाळा. पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर सावलीत वारा द्या, कडक उन्हात रंग उडतो. कडुनिंबाचा वाळका पाला ठेवा. घडी दर खेपेला वेगळ्या जागी घाला, एकाच घडीवर कापड फाटतं. फोटोच्या मागं नाव लिहायचं तर पेन्सिलीनं, हलक्या हातानं.

अपमानाच्या वस्तू सापडल्या, कथलाच्या वाळ्या, फुटकं भांडं, तर त्याही ठेवा. भिंतीवर शोभेला लावू नका. त्या पुरावा आहेत. पुराव्याला बल्ब लावून मिरवायचं नसतं. तो वेळ येईल तेव्हा समोर ठेवायचा असतो.

आणि येत्या १४ ऑक्टोबरला पातूरच्या विहारात एक सतरंजी टाकू. ज्यानं त्यानं आपली वस्तू आणावी, बाजूला कागदाची चिठ्ठी ठेवावी. तिकीट नाही, उद्घाटक नाही, हार नाही. म्हाताऱ्या बायांना पुढं बसवू. त्यांनी बोलायचं, आपण ऐकायचं. माय येतो म्हणाली आहे. बटणांची गोष्ट तीच सांगणार.

आणि दोस्ता, तुझ्या धाकट्या भावाचं लग्न ठरलं असं ऐकतो. त्याची आणि माझी उंची सारखीच आहे. कोटाचं अस्तर नुकतंच बदललं आहे. भाडं नाही. परत मात्र आणून द्यायचा.

जयभीम!